बाण कापतो कसा?

वर्गात एक हिशोब घालून बघा. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅम वजनाचा असतो. गोलंदाजाने तो ताशी १२० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची गतिज ऊर्जा किती? उत्तर येते सुमारे ८९ ज्यूल. आता दुसरे गणित. हरणाच्या शिकारीचा बाण २८ ग्रॅम वजनाचा आहे आणि तो धनुष्यातून सेकंदाला ७५ मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा भरते ७९ ज्यूल, म्हणजे चेंडूपेक्षा थोडी कमीच! चेंडू बरगडीवर बसला तर फलंदाज कळवळतो, फार तर हाड मोडते. पण जवळपास तेवढ्याच ऊर्जेचा बाण मोठ्या हरणाच्या छातीतून आरपार निघून जातो. हे कसे?

मुले चटकन सांगतील, "दाब! टोकाचे क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त." उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. दाबाचाच प्रश्न असता तर दाभणासारखे बारीक टोक सर्वांत चांगले ठरले असते. प्रत्यक्षात मोठ्या जनावराच्या शिकारीला असले टोक कोणी लावत नाही. तिथे बाणाच्या टोकाशी चांगली दीड बोट रुंदीची, दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. या प्रकाराला इंग्रजीत ब्रॉडहेड म्हणतात. आपण त्याला रुंद बाणाग्र म्हणू. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर कायद्यानेच त्याची किमान रुंदी ठरवून दिलेली आहे. बऱ्याच ठिकाणी ती पाऊण इंचाहून थोडी अधिक, म्हणजे २२ मिलिमीटर असते. याहून अरुंद टोक लावून हरणावर बाण सोडणे हा गुन्हा ठरतो.

आपल्याकडे १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ सालची दुरुस्ती यांमुळे शिकारीचा विषय मिटलेला आहे, आणि ते चांगलेच झाले असे आम्हाला वाटते. उत्तर अमेरिकेत मात्र दर शरद ऋतूत परवाना घेऊन धनुष्यबाणाने हरणे, एल्क, मूस अशी जनावरे मारली जातात. कोणते बाणाग्र निवडावे यावर तिथले शिकारी हिरिरीने वाद घालतात. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद. पण निवड चुकली तर त्याची किंमत हरीण मोजते. नीट कापणाऱ्या बाणाने छातीत वेध घेतला तर ते काही सेकंदांत कोसळते. नाहीतर जखम घेऊन जंगलात शिरते आणि कित्येक दिवसांनी, कुणालाही न सापडता मरते. या दोन शेवटांमधला फरक समजून घ्यायला आठवी ते दहावीचे भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरशास्त्र पुरते.

आधी बंदुकीची गोळी पाहू. शिकारी रायफलची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूल, म्हणजे आपल्या बाणाच्या चाळीस-पंचेचाळीस पट. ती शरीरात शिरताना आजूबाजूचे मांस जोराने बाहेर ढकलते. हाडे फुटतात, वाटेवर नसलेल्या ऊतीही फाटतात. बाणाकडे एवढी ऊर्जाच नाही. आपल्या वाटेपासून बोटभर अंतरावर असलेल्या अवयवालाही तो धक्का लावू शकत नाही. जिथून तो जातो तिथे फक्त चीर पडते. म्हणून बाणाचे काम ठोसा देण्याचे नाही, सुरीचे आहे. एकदा हे ध्यानात घेतले की पुढचे सगळे प्रश्न सुरीचे प्रश्न होतात: धार किती, रुंदी किती आणि सुरी आत ढकलायला जोर किती.

यातला धारेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि गंमत म्हणजे जाहिरातींत त्याचीच चर्चा सर्वांत कमी.

दाढी करताना नव्या ब्लेडने कापले तर रक्त बराच वेळ थांबत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. उलट पडून गुडघा खरचटला तर जखम दिसायला मोठी असते, पण रक्त लवकर थांबते. याचे कारण रक्त गोठण्याच्या क्रियेत आहे. ऊती चिरडल्या, फाटल्या की त्यांच्या पेशींमधली विशिष्ट प्रथिने रक्ताच्या संपर्कात येतात आणि गोठण्याची साखळी सुरू होते. रक्तपट्टिका खडबडीत, उघड्या पडलेल्या कडांना चिकटतात. ओढून तुटलेल्या रोहिणीचे आतले अस्तर आतल्या आत गुंडाळते आणि बुचासारखे बसते. स्वच्छ कापलेल्या कडेवर हे सगळे कमी प्रमाणात होते, म्हणून रक्त वाहत राहते. म्हणजे बोथट पाते दुहेरी नुकसान करते. एक तर ते कमी कापते, आणि जे कापते ते लवकर बंद होते.

बोथट पाते कमी का कापते? रक्तवाहिन्या लवचिक असतात. धार नसलेले पाते आले की त्या बाजूला सरकतात आणि पाते निघून जाते. हे वर्गात दाखवता येते. एका उघड्या खोक्यावर पाच-सहा रबरबँड सैलसर ताणून बसवा. आधी जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी त्यांवर हलकेच दाबा. रबर खाली दबतील, बाजूला सरकतील, पण तुटणार नाहीत. मग शिक्षकांनी स्वतः नवे ब्लेड तेवढ्याच जोराने टेकवावे. रबर टेकताक्षणी तुटते. अमेरिकेतले जुने शिकारी आपल्या पात्याची धार अगदी याच रीतीने तपासतात. पिकलेला टोमॅटो घेतला तरी चालेल. बोथट सुरीने त्याचा चेंदा होतो, तो कापला जात नाही.

छातीवरच नेम का धरतात, हेही इथेच सांगायला हवे. तिथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे असतात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची दाटी असते. शिवाय फुप्फुसे फुगलेली राहतात ती त्यांच्याभोवतीच्या आवरणातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून. छातीला भोक पडून तिथे हवा शिरली की फुप्फुस फुग्यासारखे आकसते. दोन्ही बाजूंना असे झाले आणि त्यात रक्तही गेले, की मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि जनावर लवकरच शुद्ध हरपते.

बाणाने रक्तवाहिनी कापली गेल्याचा एक जुना पुरावा आपल्यासमोर आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एका माणसाचे शव सापडले. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला. ओत्झी या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. पडून किंवा गारठून मेला असावा, असा तर्क दहा वर्षे चालला. २००१ साली क्ष-किरणांच्या चित्रात त्याच्या डाव्या खांद्यामागे चकमकीच्या दगडाचे, बोटाच्या पेराएवढे बाणाग्र दिसले. पुढच्या तपासणीत कळले, की गळ्याच्या हाडाखालून हाताकडे जाणारी मोठी रोहिणी त्याने फाडली होती. हृदयाला न शिवताही तेवढी एक चीर पुरेशी ठरली.

आता आकार. बाणाग्र ही एक पाचर आहे. पाचर जितकी लांब आणि अरुंद, तितकी ती कमी जोरात आत जाते. उतरण लांबवली की ओझे चढवायला सोपे जाते, तेच हे तत्त्व. समजा दोन पात्यांच्या एका बाणाग्राची रुंदी ३० मिलिमीटर आणि लांबी ९० आहे, तर दुसऱ्याची रुंदी तेवढीच पण लांबी ४५ आहे. दोघे सारखीच चीर पाडतील, पण आखूड बाणाग्राला प्रत्येक क्षणी जास्त विरोध होईल. आपल्या बाणाजवळ मोजून ७९ ज्यूल आहेत. ते संपले की बाण थांबला. मग लांबट पातेच सगळे का वापरत नाहीत? लांब पाते हाडावर वाकते, आणि त्याचे उडणे सांभाळणे कठीण जाते. त्याकडे आपण येणारच आहोत.

पात्यांची संख्या हा वादाचा आवडता मुद्दा. दोन पात्यांचे, २८ मिलिमीटर रुंदीचे बाणाग्र २८ मिलिमीटरची एक सरळ चीर पाडते. तेवढ्याच व्यासाच्या वर्तुळात बसणारी तीन पाती असतील तर प्रत्येक पाते १४ मिलिमीटर कापते, म्हणजे एकूण ४२ मिलिमीटर. कापणे दीडपट झाले, पण ती ऊर्जा फुकट मिळत नाही. बाण तेवढा कमी खोल जातो. मात्र तीन पात्यांचा एक खरा फायदा आहे. सरळ चीर शर्टाच्या काजासारखी मिटून बसते. तीन टोकांची जखम तशी मिटत नाही, तिच्यातून रक्त बाहेर येत राहते. शिकाऱ्याला जनावराचा माग रक्ताच्या थेंबांवरूनच काढायचा असतो, म्हणून याला महत्त्व आहे. त्याच कारणासाठी बाण आरपार जाणेही हवे असते. अमेरिकेत शिकारी बहुधा झाडावर बांधलेल्या मचाणावर बसतो. त्याचा बाण वरून शिरतो आणि खालून निघतो. रक्त गळते ते खालच्या भोकातून. बाण आतच राहिला तर छाती आत रक्ताने भरते आणि जमिनीवर मात्र थेंबही पडत नाही.

म्हणून आमचा कल असा: धनुष्य कमी ताकदीचे असेल किंवा जनावर मूस किंवा एल्कएवढे मोठे असेल, तर दोन पात्यांचे लांबट बाणाग्र बरे. ताकद भरपूर आणि जनावर साध्या हरणाएवढे असेल तर तिसरे पाते परवडते.

प्रत्येक कामाला वेगळे टोक, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. धनुर्वेदावरच्या संस्कृत ग्रंथांत बाणाग्रांचे प्रकार कामानुसार दिलेले आहेत. सूचीमुख कवच भेदण्यासाठी, आरामुख चामडे छेदण्यासाठी, भल्ल हृदयाचा वेध घेण्यासाठी, अर्धचंद्र शिर कापण्यासाठी. ते युद्धाचे शास्त्र होते, शिकारीचे नव्हे. पण कवचाला सुईसारखे टोक आणि उघड्या शरीराला रुंद पाते, हा भेद त्यात स्पष्ट आहे.

योगायोगाने हाच भेद विसाव्या शतकात एका शल्यवैद्याने प्रयोग करून तपासला. त्यांचे नाव सॅक्सटन पोप. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, भुकेला माणूस लोकांना सापडला. याही नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि त्यांच्या रोगांनी त्याचे सगळे लोक संपवले होते. त्याला इशी म्हणू लागले. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस' असा होतो. सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवले गेले, आणि शेजारच्याच वैद्यकीय महाविद्यालयात पोप शिकवत होते. इशीकडून ते धनुष्य करायला, बाण जुळवायला आणि शिकार करायला शिकले. इशी ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची, बाणाग्रे घडवी. बाटलीची काच मिळाली तर तीही त्याला चाले. १९१६ साली तो क्षयाने वारला. पोप यांनी पुढे १९२३ साली धनुष्यबाणांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांचा एक प्रयोग असा. हरणाचे कातडे लावलेल्या पेटीत गुरांचे यकृत भरायचे आणि तिच्यावर एकदा पोलादी, एकदा ऑब्सिडियनच्या टोकाचा बाण सोडायचा. दगडी टोक अधिक खोल गेले! काचेच्या कडेला मिळते तशी धार पोलादाला सहसा येत नाही, आणि दगडाची दातेरी कड करवतीसारखी कापत जाते. मग पोलादाचा उपयोग काय? काच ठिसूळ असते. बरगडीवर आपटली तर तिचा चुरा होतो, पोलाद मात्र टिकते. दुसऱ्या प्रयोगासाठी पोप यांनी संग्रहालयातला जुना साखळ्यांचा अंगरखा मागून आणला आणि त्यावर बारीक पोलादी टोकाचा बाण सोडला. ठिणग्या उडाल्या आणि बाण कड्यांतून पलीकडे गेला. आपल्या सूचीमुखाचेच हे काम.

बाणाग्र कितीही धारदार असो, आधी ते जिथे हवे तिथे पोचायला हवे. इथे रुंद पात्याची मोठी अडचण आहे. पाते म्हणजे एक छोटासा पंखच. बाण हवेत जरासा तिरका झाला की पात्यावर हवा एका बाजूने दाबते आणि टोक आणखी वळू पाहते. मागची पिसे याच्या उलट काम करतात. मागे बाजूने हवा लागली की शेपूट परत सरळ रेषेत येते. ही रस्सीखेच गुरुत्वमध्याभोवती चालते. पिसांची बाजू जिंकली तर बाण सरळ जातो. एक सरबताची नळी घ्या, टोकाला मातीचा गोळा लावा आणि दुसऱ्या टोकाला कागदाचे दोन-तीन पंख चिकटवा. फेकली की ती सरळ जाईल. आता कागदाची तेवढीच मोठी पाती मातीच्या गोळ्याजवळही लावा. नळी भरकटेल. मग मातीचा गोळा मोठा करून पाहा. गुरुत्वमध्य पुढे सरकतो, मागच्या पंखांना तरफेचा लांब दांडा मिळतो आणि नळी पुन्हा बरीचशी सरळ येते. जड बाणाग्राची आवड काही शिकाऱ्यांना असते ती या कारणाने. पिसे थोडी तिरकी बसवून बाणाला फिरकी देतात, म्हणजे पात्यांतला लहानसा दोष एकाच बाजूला ओढत राहत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत कंपाउंड धनुष्य आले. टोकांना कप्प्या असलेल्या याच जातीच्या धनुष्याने नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी २०२३ साली बर्लिनला जागतिक सुवर्णपदके मिळवली. या धनुष्याचे बाण वेगवान असतात, आणि मागे लांब पिसांऐवजी प्लॅस्टिकचे आखूड पंख असतात. पुढे मोठी पाती लावली की रस्सीखेचीत मागची बाजू हरते. यावर तोड म्हणून घडीची पाती निघाली. उडताना ती मिटलेली असतात आणि कातड्याला लागताच छत्रीसारखी उघडतात. उघडल्यावर रुंदी ४०-५० मिलिमीटरही होते. ऐकायला छान वाटते, पण हिशोब विसरता कामा नये. उघडण्याला ऊर्जा लागते, जास्त रुंद कापायला आणखी लागते, आणि बाण तिरका लागला तर एक पाते आधी अडकून तो वळू शकतो. जोरदार धनुष्याला हे परवडते. हलक्या धनुष्याला, मग धनुर्धर कोणीही असो, एकसंध पातीच योग्य.

शेवटचा प्रश्न वजनाचा. ही मंडळी बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्या सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात. शंभर ग्रेनचे बाणाग्र म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.

हलका बाण वेगाने जातो, म्हणून तोच चांगला, असे प्रथमदर्शनी वाटते. एक सोपे उदाहरण करू. समजा ओढलेल्या धनुष्यात ९० ज्यूल स्थितिज ऊर्जा साठली आहे. दोरी सुटल्यावर ती सगळी बाणाला मिळत नाही. धनुष्याचे बाहू आणि दोरी यांनाही गती द्यावी लागते. त्यांचा वाटा जणू १० ग्रॅमचा एक अदृश्य बाण घेतो असे धरू. बाण २५ ग्रॅमचा असेल तर त्याला मिळतात ९० पैकी सुमारे ६४ ज्यूल, वेग ७२ मीटर आणि संवेग १.८ एकक. बाण ४० ग्रॅमचा असेल तर मिळतात ७२ ज्यूल, वेग ६० मीटर आणि संवेग २.४ एकक. म्हणजे जड बाण हळू गेला तरी ऊर्जा आणि संवेग दोन्ही जास्त घेऊन गेला. धनुष्य शांतही राहिले, कारण उरलेल्या ऊर्जेचाच आवाज आणि कंप होतो.

तोटा कुठे? ३० मीटरवरच्या हरणापर्यंत पोचायला हलक्या बाणाला ०.४२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येतो. जड बाणाला अर्धा सेकंद लागतो आणि तो सव्वा मीटर खाली येतो. अंतराचा अंदाज चुकला तर जड बाण जास्त चुकतो. पण हरीण दचकण्याची भीती असते, त्याचे काय? दोरीचा आवाज ३० मीटर अंतर ०.०९ सेकंदातच कापतो. हलक्या बाणाच्याही आधी तो हरणाच्या कानावर तिसरा हिस्सा सेकंद पोचलेला असतो, आणि तेवढ्या वेळात हरीण उडी घेण्यासाठी खाली दबते. तेव्हा वेग वाढवून आवाजाला हरवता येत नाही, फक्त अंतर कमी करता येते. म्हणून जबाबदार शिकारी वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे बाण सोडायला नाखूश असतात.

कायदेही याच विचारांवर बेतलेले आहेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत उलट्या काट्यांचे बाणाग्र निषिद्ध आहे, कारण नेम चुकून ते मांसात रुतले तर जनावराला ते झटकून टाकता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १९६३ सालच्या कायद्याने हरणावर बाण सोडणेच बंद केले.

आणि ज्यांच्याकडे ना जोरदार धनुष्य ना पोलादी पाती, त्यांनी काय केले? दक्षिण आफ्रिकेतल्या कलहारीच्या सान लोकांनी निवडच उलटी केली. त्यांचे धनुष्य लहान आणि हलके, बाण काडीसारखा आणि टोक बारीक. त्यांना कापायचेच नसते. टोकामागच्या काडीवर एका भुंगेऱ्याच्या अळीचे विष माखलेले असते. बाण लागला की मागची दांडी गळून पडते आणि विषाचा तुकडा आत राहतो. मग शिकारी धावत नाहीत. ते पायांचे ठसे पाहत जनावराच्या मागे चालू लागतात, लहान हरीण असेल तर काही तास, मोठे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत.